संवादी प्रोग्रॅमचे बॅच जॉब (एएस/४००)

पडद्यावर वापरकर्त्याशी बोलत चालणारे काम टर्मिनलपासून सोडवून, पडद्याशिवाय मागे चालणारे ‘बॅच’ जॉब (सिस्टिमवरचे एक स्वतंत्र काम) म्हणून रांगेत लावण्याची पद्धत. आयबीएमच्या रॉचेस्टर (मिनेसोटा) येथील सिस्टिम/३६, सिस्टिम/३८ आणि एएस/४०० या मध्यम आकाराच्या व्यावसायिक संगणकांवर ती रुळली. बोलीत तिला ‘जॉब सबमिट करणे’ म्हणतात.

उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. सिस्टिम/३६ (१९८३) वर ‘जॉबक्यू’ (काम रांगेत लावणारे) आणि ‘इव्होक’ (दुसरे काम लगेच सुरू करणारे) ही विधाने होती. टर्मिनलवाचून सुरू झालेल्या प्रोग्रॅमला तिथे पुढे टर्मिनल मिळवताही येई. सिस्टिम/३८ (घोषणा १९७८) वर जॉब डिस्क्रिप्शन (जॉबचे ठरलेले गुणधर्म), जॉब क्यू (जॉबची रांग) आणि सबसिस्टिम (जॉब जिथे चालतात तो विभाग) अशी सगळी चौकट होती. एएस/४०० ने (१९८८) दोन्ही वारसे सांभाळले; पण आजच्या ‘सबमिट जॉब’ आज्ञेचे मूळ सिस्टिम/३८ मध्ये मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

संवादी जॉबचा प्राधान्यक्रम सहसा २० आणि बॅचचा ५० असतो; आकडा लहान तितका प्रोसेसर आधी मिळतो. त्यामुळे महिनाअखेरचा लांबलचक अहवाल पडद्यावरून चालवला की बाकीची टर्मिनले रखडतात. रूढ तोडगा असा : प्रोग्रॅम आपल्याच जॉबचा प्रकार विचारतो, उत्तर ‘१’ (संवादी) आले तर स्वतःलाच सबमिट करून थांबतो, ‘०’ आले तर काम करतो.

पडद्याचा भाग मात्र असा हलवता येत नाही. डिस्प्ले फाइल (पडद्याची मांडणी ठेवणारी फाइल) मूलतः ‘रिक्वेस्टर’, म्हणजे जॉब सुरू करणारे टर्मिनल, शोधते. बॅचमध्ये ते नसतेच, म्हणून एखाद्या टर्मिनलचे नाव ओव्हरराइडने (फाइलची ठरलेली माहिती तात्पुरती बदलणाऱ्या आज्ञेने) दिले नाही तर फाइल उघडत नाही. प्रश्न आधी विचारून घ्यावेत आणि फक्त हिशेब रांगेत लावावा, हीच रीत टिकाऊ.

नव्या जॉबला लायब्ररी लिस्ट (प्रोग्रॅम आणि फाइली कुठे शोधायच्या त्याची यादी) आणि लोकल डेटा एरियाची (जॉबच्या खासगी टिपणजागेची) प्रत मिळते. क्यूटेम्पमधल्या (जॉबच्या तात्पुरत्या लायब्ररीतल्या) फाइली आणि ओव्हरराइड मागेच राहतात. खरी फसगत पॅरामीटरमध्ये होते. सबमिट करताना ‘कॉल’मधल्या (प्रोग्रॅम बोलावणाऱ्या आज्ञेतल्या) चलांचे स्थिरांक होतात : ३२ पर्यंतची अक्षरे रिकाम्या जागांनी ३२ पर्यंत भरली जातात, त्याहून लांब मजकूर आहे तेवढाच जातो. ५० अक्षरांच्या रकान्यात ४० अक्षरी ग्राहकनाव पाठवले, तर शेवटच्या १० जागांत स्मृतीत जे पडले असेल ते दिसते. चाचणीत तिथे योगायोगाने रिकाम्या जागा असतात, म्हणून चूक महिनोन्‌महिने लपून राहते. अंक १५ स्थळांचे, त्यांतले ५ दशांश, असे पॅक होऊन जातात. यावर स्वतःची आज्ञा तयार करून तीच सबमिट करणे हा चांगला उपाय; तिथे प्रत्येक पॅरामीटरची लांबी आधीच ठरलेली असते.

बॅच जॉबला प्रश्न पडला, तर तो सिस्टिम ऑपरेटरच्या संदेश-रांगेत जातो आणि जॉब ‘एमएसजीडब्ल्यू’ (संदेशाच्या उत्तराची वाट पाहणे) स्थितीत थांबतो. क्यूबॅच या बॅच जॉबच्या नेहमीच्या रांगेतून मूळ मांडणीत एका वेळी एकच जॉब चालतो, त्यामुळे उत्तर मिळेपर्यंत मागचे सगळे खोळंबतात.

१९९० च्या दशकातील सर्व्हर मॉडेलांवर संवादी क्षमता मर्यादित ठेवलेली होती. ती ओलांडली की ‘सीएफइंट’ हे सिस्टिमचे काम प्रोसेसर खाऊ लागे. त्यामुळे टर्मिनलवरचे काम बॅचमध्ये हलवण्याला खर्चाचेही कारण मिळाले.