छोट्या पित्तनळीतला खडा

मुलाचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली की घरच्यांच्या मनात आधी येते ती विषाणूची कावीळ. पुष्कळदा तो अंदाज बरोबरही ठरतो. पण सोबत उजव्या बरगडीखाली कळा येत असतील, शौचाचा रंग फिकट, मातकट झाला असेल, तर पित्तनळीत खडा अडकलाय का हे पाहायलाच हवे. ‘खडे मोठ्यांनाच होतात’ या समजुतीपायी त्या मुलाचे मोलाचे दिवस वाया जातात.

मुलांमधल्या खड्यांची कारणे बरीचशी वेगळी असतात. सिकलसेल, थॅलेसेमिया, आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारांत तांबड्या पेशी मुदतीआधीच फुटतात. त्यातून सुटलेले जादा बिलिरुबिन, म्हणजे काविळीतले पिवळे द्रव्य, कॅल्शियमशी जोडले जाऊन काळे, ठिसूळ खडे तयार होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला बरेच दिवस शिरेतून पोषण द्यावे लागले, तर पोटात अन्नच नसल्यामुळे पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि पित्त साचून घट्ट होते. कुमारवयात लठ्ठपणा हेही कारण आहेच.

आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरसीपी. एमआरसीपीत चुंबकीय लहरींनी पित्तनळीचे चित्र मिळते, क्ष-किरण लागत नाहीत. म्हणूनच ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीपर्यंत पोहोचण्याची पद्धत, आता निव्वळ पाहण्यासाठी करू नये; खडा काढायचा आहे हे ठरल्यावरच करावी. खूप लहान बाळांत खडा कधी कधी आपोआप आतड्यात निघून जातो. बाळाला ताप नसेल आणि कावीळ वाढत नसेल, तर थोडी वाट पाहणे हाही उपचारच असतो.

ईआरसीपीसाठी मुलाला बहुधा पूर्ण भूल देतात. बाजूला कॅमेरा असलेली दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नेतात. तिथे पित्तनळीचे तोंड उघडते. त्यातून बारीक नळी सरकवून रंगद्रव्य सोडले की क्ष-किरणांच्या पडद्यावर खडा दिसतो. मग फुग्याने किंवा तारेच्या जाळीने तो आतड्यात ओढून घेतात. साधारण दहा किलोवरच्या मुलांना मोठ्यांची दुर्बीण चालते. त्याहून लहानांसाठी सुमारे साडेसात मिलिमीटर जाडीची दुर्बीण असते. पण तिच्यातून अवजारे जाण्याची वाट केवळ दोन मिलिमीटरची, त्यामुळे साधनांची निवडही मर्यादित होते.

खरा विचार करायला लावणारा भाग पुढे आहे. नळीच्या तोंडाशी स्नायूचे वेटोळे असते आणि खडा बाहेर यावा म्हणून ते कापावे लागते. ही पद्धत १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीत सुरू झाली. साठीतल्या माणसात हा छेद घेणे आणि सहा वर्षांच्या मुलात घेणे एकसारखे नाही. त्या मुलाला तो स्नायू पुढची सत्तर वर्षे वापरायचा आहे, आणि तो कापला की आतड्यातल्या जंतूंना नळीत शिरायची वाट मोकळी होते. म्हणून छेद शक्य तितका छोटा ठेवतात. काही वेळा न कापता फुग्याने तोंड रुंदावतात. मात्र त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती जास्त. अशी सूज हा ईआरसीपीनंतरचा सर्वाधिक आढळणारा त्रास आहे. बहुतेक मुले त्यातून काही दिवसांत बरी होतात. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणे क्वचित घडते, पण घडू शकते. मुलांच्या ईआरसीपीचा सराव असलेले हात म्हणूनच शोधावेत.

नळी मोकळी झाली तरी पित्ताशयात खडे उरले असतील तर ते पुन्हा खाली घसरू शकतात. त्यामुळे बहुतेकदा पुढे लॅप्रोस्कोपीने पित्ताशय काढतात. नळीत तात्पुरता प्लास्टिकचा स्टेंट (पित्त वाहते ठेवणारी छोटी नळी) ठेवला असेल, तर तो काढायची तारीख दवाखान्यातून निघण्याआधीच लिहून घ्या. स्टेंट काही महिन्यांत तुंबतो, आणि मग ताप, थंडी व कावीळ पुन्हा सुरू होते.