वाद आवरायचा कुणी आणि कसा

नाशिकमध्ये आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी तत्त्वज्ञान वाचायला बसतो. चर्चा आवरायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात विषय होता दैव आणि प्रयत्न. एकाने विचारलं, "सगळं दैवाच्या हाती असेल, तर चोराला शिक्षा कशासाठी?" समोरून उत्तर आलं, "मग तुमच्या मांडणीत तरी कुठे सुटतंय हे? तिथेही हाच घोळ आहे." लोक हसले आणि मूळ प्रश्न तसाच राहिला.

या चुकीला आपल्याकडे नाव आहे: मतानुज्ञा. आपल्या बाजूचा दोष न निवारता तोच दोष दुसऱ्यावर टाकायचा, म्हणजे तो स्वतःला मान्य असल्याचं कबूल करणंच. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, वाद हरल्याच्या अशा 22 खुणा, निग्रहस्थानं, सांगितली आहेत. काम आठवल्याचं निमित्त करून मधेच उठून जाणं हेसुद्धा त्यात आहे, त्याला विक्षेप म्हणतात. सूत्रकारांचं नाव गौतम. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरच्या गौतम ऋषींच्या कथेमुळे हे नाव आपल्याला घरचं वाटतं, पण सूत्रकार म्हणजे तेच ऋषी असं धरून चालता येत नाही.

चर्चेचे प्रकारही तिथे तीन आहेत. तत्त्व कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. 'वितंडवाद' आपण रोज म्हणतो, पण नुसत्या भांडखोरपणाला. मूळ खूण जास्त उपयोगाची आहे, कारण वितंडा करणारा अगदी शांत, गोड आवाजातही बोलू शकतो. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ घेणं. त्याचं जुनं उदाहरण तर मराठीतही जसंच्या तसं चालतं: कुणी म्हणालं 'हा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे, की दुसरा विचारतो, "नऊ कुठे आहेत? एकच तर दिसतंय!"

चरकसंहितेत वैद्यांच्या चर्चेचे नियम आहेत. तिथे आधी सभा पारखायला सांगितलं आहे: ती जाणती आहे की अजाण, आणि आपल्या बाजूची, तटस्थ की आधीच विरोधात गेलेली. मिलिंदपन्ह या पाली बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला स्पष्ट सांगतो की पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलतो, राजासारखं असेल तर नाही. पंडित एकमेकांना खोडतात, तरी रागावत नाहीत. राजा मात्र न पटलेल्याला दंड करतो. चर्चा चालवणाऱ्याच्या हाती थोडी सत्ता असतेच, म्हणून हा उतारा मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

या परंपरेचा अभिमान बाळगताना एक गोष्ट विसरता येत नाही. सभेचे नियम बारकाईने लिहिले गेले, पण सभेत बसू कुणाला द्यायचं हे जातीने ठरवलं. याच शहरात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. मंदिर ही वादसभा नव्हे, हे खरं. पण दाराबाहेर ठेवलेल्या माणसाचा पूर्वपक्ष, म्हणजे उत्तर देण्याआधी ऐकून घ्यायची त्याची बाजू, कोण मांडणार?

त्या रविवारी मी 'मतानुज्ञा' एवढंच म्हटलं, कुणाचं नाव घेतलं नाही. उत्तर देणारा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बरं, चोराच्या शिक्षेकडे परत येतो."