पायाचा फोड घासून येत नाही

जानेवारीतली मॅरेथॉन जवळ आली की मरीन ड्राइव्हवर पहाटे पळणाऱ्यांची गर्दी वाढते आणि फोडांवरच्या सल्ल्यांना ऊत येतो. बूट घट्ट बांधा, जाड मोजे घाला, व्हॅसलिन चोपडा. या सगळ्यांमागे समजूत एकच: बूट घासतो, त्वचा झिजते, फोड येतो. रानडे रोडवर घेतलेली नवी कोल्हापुरी अंगठ्याच्या बेचकीत चावली की घरोघरी हेच निदान होतं. पण झिजल्यावर होतं ते खरचटणं. त्यात वरची साल निघते. फोडाचं वरचं कातडं मात्र शाबूत असतं आणि बिघाड त्याच्या खाली झालेला असतो. वरून घासल्यावर आधी आतलं फाटावं, हे कसं?

डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट जरा दाबून ठेवा आणि ते न उचलता मागेपुढे हलवा. बोट त्वचेवरून घसरत नाही, त्वचाच त्याच्याबरोबर जाते आणि आतली हाडं जागच्या जागी राहतात. घासणं शून्य, तरी वरचा थर एकीकडे आणि खालचा दुसरीकडे खेचला जातोय. या आडव्या ओढाताणीला अभियंते ‘शिअर’ म्हणतात. फोडाचं मूळ इथे आहे.

चालताना टाच टेकते तेव्हा बूट थांबतो, बुटाला धरून मोजा थांबतो, मोज्याला चिकटलेली त्वचाही थांबते. टाचेचं हाड मात्र वेगात असतं, ते आणखी जरासं पुढे जातं. पाऊल उचलताना हेच उलट्या दिशेने. मॅरेथॉनचं अंतर 42.195 किलोमीटर, एक पाऊल मीटरभराचं धरलं तरी प्रत्येक पायाच्या वाट्याला ही ओढाताण 20 हजारांहून जास्त वेळा येते.

आता ही ओढाताण नेमकी कुठे मुरते ते पाहू, कारण मला यातला सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो. आपली बाह्यत्वचा पापणीवर जेमतेम 0.05 मिलिमीटर जाड असते, तळपायावर साधारण दीड मिलिमीटर. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा, केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेला, कडक. सर्वांत खालचा थर नव्या पेशी तयार करणारा आणि आतल्या त्वचेला घट्ट बांधलेला. या दोघांच्या मध्ये असतो काटेरी थर. त्यातल्या जिवंत, मऊ पेशी डेस्मोसोम नावाच्या प्रथिनांच्या जोडांनी एकमेकींना धरून असतात. खरवसाच्या वडीवर तळहात टेकवून हात आडवा ढकलला, तर हात घसरत नाही. वडी कलते आणि मध्येच चिरते. काटेरी थराचं तसंच होतं. आधी पेशी ताणल्या जातात, मग मरतात, त्यांचे जोड सुटतात आणि थरात आडवी फट पडते. खालच्या रक्तवाहिन्यांतल्या दाबामुळे रक्तद्रवासारखंच, पण कमी प्रथिनं असलेलं पाणी त्या फटीत झिरपतं. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते बहुधा पारदर्शक असतं. फट पडते आधी आणि पाणी भरतं नंतर. त्यामुळे फोड टम्म फुगलेला दिसतो तोवर मूळ दुखापत जुनी झालेली असते. पळताना एखादी जागा चुरचुरू लागते, उपाय करायची वेळ ती.

असले फोड प्रामुख्याने तळहात-तळपायांवरच येतात, कारण फोडाला जाड, चिवट छप्पर लागतं. पातळ कातडी त्याआधीच सोलवटून निघते.

मग घर्षणाचं काय? गंमत अशी की इथे त्रास पाय घसरण्याचा नाही, घट्ट चिकटून राहण्याचा आहे. त्वचा मोज्याला कुठवर धरून राहणार हे घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा) आणि दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. ती मर्यादा ओलांडली की त्वचा सुटते, हाडाबरोबर जाते आणि आतला ताण ओसरतो. घर्षणांक जास्त असेल तर सुटका उशिरा होते आणि तोवर काटेरी थर भरपूर ताणला जातो. इथे मुंबईची हवा आडवी येते. ओलसर त्वचेचा घर्षणांक कोरड्या त्वचेपेक्षा बराच जास्त असतो, आणि आपल्या दमट हवेत बुटातला घाम वाळायला जातो कुठे? सुती मोजे तर तो धरूनच ठेवतात. व्हॅसलिनने सुरुवातीला घर्षण घटतं, पण काही तासांनी ते पूर्वीपेक्षाही वाढतं. छोट्या फेरीला ठीक. पूर्ण मॅरेथॉनला ते शेवटपर्यंत पुरेल असं समजू नका.

दुपदरी मोज्यांमागचं तर्कशास्त्र आता लक्षात येईल. घसरायचंच आहे तर मोज्याच्या दोन पदरांत घसरू दे, कातडी वाचेल. घाम थांबवण्याचा प्रयोगही झालाय. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी लष्करी अकादमीच्या कॅडेटांनी पायांना ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण लावून 21 किलोमीटर चाल केली. फोड आलेल्यांचं प्रमाण 48 वरून 21 टक्क्यांवर आलं, पण निम्म्याहून जास्त जणांच्या त्वचेची आग झाली. दवाखान्यातली साधी कागदी चिकटपट्टीही उपयोगी ठरली: 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 250 किलोमीटरच्या शर्यतीतल्या धावपटूंचे फोड तिने सुमारे 40 टक्क्यांनी कमी केले. एवढी स्वस्त वस्तू असताना ‘फोडमुक्त तंत्रज्ञान’ असं लिहिलेले महागडे मोजे घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

सोमवारी रात्री उपनगरांतून सिद्धिविनायकाकडे अनवाणी निघणाऱ्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: मनात श्रद्धा असली की फोड येत नाही. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण काटेरी थराला ती कळत नाही. त्या चालीला मदत होते ती रात्रीची, कारण डांबर निवलेलं असतं. ‘सवयीचे पाय’ हेही अर्धसत्य. थोड्याथोड्या ताणाने त्वचा जाड आणि टणक होते हे खरं, पण मार्च 2018 मध्ये नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आझाद मैदानावर आलेल्या शेतकऱ्यांचे पाय आठवा. आयुष्यभर चाललेले ते पाय, तरी कातडी सोलवटली होती.

आलेल्या फोडाला टूथपेस्ट, हळद, राख लावू नका. न दुखणारा छोटा फोड तसाच राहू द्या. दिवसभरात तळच्या पेशी झपाट्याने विभागू लागतात आणि साधारण 5 दिवसांत नवा कडक थर तयार होतो. मोठा, ठणकणारा फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावं, छप्पर मात्र ठेवावं. त्याच्याइतकी चांगली पट्टी दुसरी नाही. 1924 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा 16 वर्षांचा मुलगा, धाकटा कॅल्विन कूलिज, मोजे न घालता टेनिस खेळला, बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात भिनले आणि काही दिवसांत तो गेला. पेनिसिलिनचा शोध तेव्हा लागायचा होता. आज प्रतिजैविकं आहेत, पण मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेल्यांना फोड कळतही नाही. त्यांनी सुई हातात न घेता डॉक्टर गाठावा.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. हिंदमाता किंवा सायनला गुडघाभर पाण्यातून गेलात आणि पायाला फुटलेला फोड असेल, तर उंदरांच्या मूत्रातून त्या पाण्यात आलेल्या लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंना ती उघडी वाट असते. घरी येताच पाय साबणाने धुवा, कोरडे करा आणि प्रतिबंधक गोळ्यांसाठी 72 तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा. ताप यायची वाट पाहू नका.