खडकातला नांगर धरतो कसा, सुटतो कसा

वाळूत किंवा चिखलात नांगर रुतून बसतो. होडीने ओढ दिली की फाळ आणखी खोल जातो आणि वरची माती त्याला दाबून धरते. खडकाळ तळावर रुतायला काही नसतेच. नांगराचा दात एखाद्या कपारीत अडकला तर होडी थांबते. नाही अडकला तर तो दगडांवरून फरफटत राहतो. पण अडकलेला नांगर परत काढायचा कसा, ही मासेमाराची खरी पंचाईत.

म्हणून खडकासाठीचा नांगर मुद्दाम थोडा कमजोर ठेवतात. छोट्या होड्यांवर अनेकदा चार-पाच दातांचा नांगर असतो आणि त्याचे दात वाकतील अशा मऊ पोलादाच्या सळईचे असतात. अडकला की जोर लावायचा. दात सरळ होतात, नांगर निसटतो. वर घेऊन दात पुन्हा वाकवले की काम झाले.

दुसरी युक्ती मला याहून देखणी वाटते. साखळी दांड्याच्या वरच्या कडीत न अडकवता खाली, दात जिथे एकत्र येतात त्या बुडाला जोडायची, दांड्यालगत वर आणायची आणि कडीला बारीक दोरीने बांधायची. एरवी ओढ कडीवर येते आणि दात धरून राहतात. नांगर सुटेना, की होडी बरोबर त्याच्या वर आणून जोराचा हिसका द्यायचा. बारीक दोरी तुटते, ओढ बुडावर जाते आणि नांगर जसा शिरला तसाच उलटा बाहेर येतो. अर्थात ही दोरी नको तेव्हाही तुटू शकते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर होडीवरचा त्याचा जोर चौपट होतो. अशा नांगराच्या भरवशावर रात्री झोपू नये.

दोर किती सोडायचा, हा निव्वळ भूमितीचा प्रश्न आहे. पाणी 10 मीटर खोल आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पाण्यावर 1 मीटर, म्हणजे उंची 11 मीटर. पाचपट, म्हणजे 55 मीटर दोर सोडला तर ताणलेला दोर तळाशी साधारण 11 अंशांचा कोन करतो. तिप्पटच सोडला तर कोन 19 अंशांच्या पुढे जातो आणि नांगर वर उचलला जाऊ लागतो. भरतीने पाणी 2 मीटर चढले, की तोच 55 मीटरचा दोर चारपटीच्या जरासाच वर उरतो.

नायलॉनचा दोर ताणला जाऊन लाटांचे हिसके पचवतो, पण ताणलेल्या अवस्थेत खडकाच्या धारेवर घासला तर लवकर तुटतो. म्हणून तळाशी काही मीटर साखळी हवीच. जिवंत प्रवाळावर मात्र नांगर टाकूच नये, शेजारची वाळू शोधावी; दगडासारखे दिसणारे ते प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते.

दोर नेहमी नाळेलाच बांधावा. मागची बाजू बुटकी असते, त्यात इंजिनाचे वजन. तिथे बांधून ओढले तर लाट थेट आत येते. नाळेवरूनही ओढताना भान हवे: नांगर पक्का अडकलेला, दोर आखूड आणि खालून मोठी लाट आली, तर नाळ पाण्यात खेचली जाते. तशी वेळ आली तर दोर कापायचा. त्यासाठी धारदार सुरी नाळेपाशीच हाताला लागेल अशी ठेवावी, सामानाच्या पेटीत नव्हे.