वेस्टमोर्लंड, जॉन फेन, अकरावा अर्ल

वेस्टमोर्लंड, जॉन फेन, अकरावा अर्ल : (३ फेब्रुवारी १७८४ – १६ ऑक्टोबर १८५९). ब्रिटिश सरदार, सेनाधिकारी, संसदसदस्य, राजदूत आणि हौशी संगीतरचनाकार. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेचा संस्थापक. १८४१ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अर्लपद मिळेपर्यंत तो लॉर्ड बर्गर्श या नावाने ओळखला जाई आणि संगीताच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा याच नावाने येतो.

त्याचा जन्म लंडनमध्ये झाला. वडील, दहावे अर्ल, हे काही काळ आयर्लंडचे लॉर्ड लेफ्टनंट होते व पुढे दीर्घकाळ मंत्रिमंडळात होते. आई सारा ही लंडनमधील धनाढ्य पेढीवाला रॉबर्ट चाइल्ड याची एकुलती एक मुलगी. १७८२ मध्ये या दोघांनी पळून जाऊन स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील ग्रेटना ग्रीन येथे लग्न केले, तेव्हा संतापलेल्या चाइल्डने आपली मालमत्ता वेस्टमोर्लंडच्या गादीच्या वारसाकडे जाणार नाही अशी तजवीज मृत्युपत्रात केली. त्यामुळे पेढी आणि ऑस्टर्ली पार्कचा वाडा बर्गर्शच्या बहिणीकडे, म्हणजे पुढे लेडी जर्सी म्हणून प्रसिद्ध झालेल्या सारा सोफायाकडे गेला. थोरल्या मुलाला मिळाली ती पदवी आणि नॉर्थम्प्टनशरमधील ॲपथॉर्प हॉल हे वडिलोपार्जित घर.

हॅरो शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. केंब्रिजमध्ये संगीताचे प्राध्यापक चार्ल्स हेग यांच्याकडे तो शिकला. १८०३ मध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि १८०६ पासून दहा वर्षे लाइम रीजिस या गावाचा प्रतिनिधी म्हणून हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसला. हा मतदारसंघ फेन घराण्याच्या मुठीत असल्याने निवडून येण्यासाठी त्याला फारसे काही करावे लागले नाही, आणि युद्धकाळात तो बहुतेक परदेशातच असे. पोर्तुगाल व स्पेनमधील मोहिमांत तो सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली होता. लष्करी मुक्कामातही संगीत सुटले नाही : लिस्बनमध्ये त्याने मार्कुश पुर्तुगाल या नामवंत संगीतिकाकाराकडे (ऑपेरा-रचनाकाराकडे) धडे घेतले. या मोहिमांवर आणि १८१३-१४ मधील मित्रराष्ट्रांच्या नेपोलियनविरुद्धच्या लढायांवर त्याने पुढे दोन वृत्तांत लिहिले. ते अनुक्रमे १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

१८११ मध्ये त्याने प्रिसिला वेलस्ली-पोल हिच्याशी विवाह केला. ती चित्रकार होती आणि वेलिंग्टनची पुतणी होती. १८०३ मध्ये जालन्याजवळ असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. या घराण्यातही संगीत होते. वेलिंग्टनचे वडील, मॉर्निंग्टनचे पहिले अर्ल, हे स्वतः रचनाकार असून १७६४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे पहिले प्राध्यापक झाले होते. खुद्द वेलिंग्टन तरुणपणी व्हायोलिन वाजवीत असे, पण लष्करी पेशाला ते शोभत नाही असे ठरवून त्याने आपले वाद्य जाळून टाकले, असे सांगतात. त्याच्या पुतणीच्या नवऱ्याला मात्र तलवार आणि व्हायोलिन एकत्र नांदविण्यात कधी अडचण वाटली नाही.

१८१४ मध्ये तो इटलीतील टस्कनीच्या दरबारात ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून फ्लॉरेन्सला गेला आणि १८३० पर्यंत त्या पदावर राहिला. १८१५ च्या मे महिन्यात नेपोलियनचा मेहुणा व नेपल्सचा राजा म्युराट याचा पराभव होऊन तेथील गादी पुन्हा बूर्बाँ घराण्याकडे आली; त्याविषयीच्या कासालान्झा येथील तहात ब्रिटनच्या वतीने तो सहभागी होता. एरवी हे पद फारसे धावपळीचे नव्हते आणि त्याच्यातला संगीतकार याच काळात बहरला. इटालियन भाषेतील त्याची पहिली संगीतिका ‘बजाझेत’ १८२१ ची. तिच्यामागून ‘फेद्रा’, ‘इल तोर्नेओ’, ‘लेरोए दी लान्कास्त्रो’ अशा रचना आल्या आणि एकूण संख्या सातावर गेली. शिवाय मास (ख्रिस्ती उपासनेचे संगीत), कॅंटाटा (वाद्यसाथीची गायनरचना), सिंफनी (वाद्यवृंदरचना) आणि सुटी गीतेही त्याने रचली.

फ्लॉरेन्सहून रजेवर आलेला असताना, १८२२ च्या उन्हाळ्यात, त्याने लंडनमध्ये संगीतविद्यालय काढण्याची योजना मांडली. पॅरिसमध्ये १७९५ पासून सरकारी संगीतविद्यालय होते, नेपल्समधील विद्यालये तर त्याहून कितीतरी जुनी होती. लंडनमध्ये मात्र अशी एकही संस्था नव्हती. १७७४ मध्ये संगीताचा इतिहासकार चार्ल्स बर्नी याने अनाथाश्रमातील मुलांसाठी असे विद्यालय सुचविले होते, पण ते तडीस गेले नाही. बर्गर्शला यश आले ते मुख्यतः त्याच्या दर्जामुळे. त्याने उमरावांची समिती बनविली आणि राजा चौथा जॉर्ज याचा आश्रय मिळविला. मार्च १८२३ मध्ये हॅनोव्हर स्क्वेअरजवळच्या टेंटरडन स्ट्रीटवरील घरात वर्ग सुरू झाले. योजना चाळीस मुलगे व चाळीस मुलींची होती. पैसा अपुरा पडल्याने सुरुवात दहा-दहांवर करावी लागली. मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश होता, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. विल्यम क्रॉच हा पहिला प्राचार्य झाला आणि १८३० मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली.

या संस्थेवर टीकाही पुष्कळ झाली आणि ती निराधार नव्हती. संगीत हा ज्यांचा पोटापाण्याचा धंदा होता त्या लंडनच्या वादकांना व रचनाकारांना सुरुवातीच्या कारभारात स्थान नव्हते. सूत्रे हौशी उमरावांच्या हाती आणि उमरावांमध्येही बर्गर्शच्या हाती होती. तो बहुतेक काळ परदेशात असल्याने कित्येक निर्णयांसाठी त्याच्या पत्राची वाट पाहावी लागे. शिवाय त्याने संस्थेच्या चिटणीसपदी निवडलेला हार्पवादक निकोला बोक्सा हा वादक म्हणून असामान्य असला, तरी खोट्या दस्तऐवजांच्या प्रकरणात फ्रान्समध्ये शिक्षा झालेला आणि तेथून पळून आलेला इसम होता. बोभाटा वाढल्यावर त्याला जावे लागले. संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १८३० मध्ये ‘कॅथरिन’ ही संगीतिका सादर केली. ती संस्थेचा अध्यक्ष असलेल्या बर्गर्शचीच रचना होती, याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष होणे शक्य नव्हते.

धर्मादाय हेतूने निघालेल्या या विद्यालयाची फी सामान्य कुटुंबांना जड जाई. चार्ल्स डिकेन्सची थोरली बहीण फॅनी ही पहिल्या वर्षीच्या विद्यार्थिनींपैकी एक. १८२४ मध्ये वडील कर्जापायी तुरुंगात असताना आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात काम करीत असतानाही तिचे शिक्षण चालू राहिले, आणि तिला बक्षीस मिळताना पाहून आपल्याला रडू आवरले नव्हते, असे डिकेन्सने पुढे लिहून ठेवले. तरीही पहिल्या दशकातच संस्थेचे फळ दिसू लागले. १८२६ मध्ये दहा वर्षांच्या वयात दाखल झालेल्या विल्यम स्टर्नडेल बेनेटचे पियानोवादन १८३३ मध्ये जर्मन रचनाकार मेंडेल्सोनने ऐकले आणि त्याला जर्मनीला येण्याचे आमंत्रण दिले. रचनाकार जॉर्ज मॅकफेरन हाही तेथलाच विद्यार्थी.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात वेस्टमोर्लंडची राजकीय कारकीर्द अधिक वजनदार झाली. १८४१ ते १८५१ या काळात तो बर्लिनमध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी होता. १८४८ च्या मार्चमधील क्रांती त्याने तेथेच पाहिली आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रदेशांवरून प्रशिया व डेन्मार्क यांच्यात पेटलेल्या वादातील ब्रिटिश मध्यस्थीत भाग घेतला. १८५१ मध्ये त्याची व्हिएन्नाला बदली झाली. रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात ऑस्ट्रियाला ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूला वळविणे हे तेथील त्याचे मुख्य काम होते. डिसेंबर १८५४ मध्ये तिन्ही सत्तांचा करार झाला, पण ऑस्ट्रिया प्रत्यक्ष युद्धात उतरली नाही. पुढच्या वर्षी व्हिएन्नात भरलेल्या शांतता-परिषदेत लॉर्ड जॉन रसेलबरोबर तो ब्रिटनचा प्रतिनिधी होता. ती परिषद निष्फळ ठरली आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला.

रचनाकार म्हणून त्याची घडण पूर्णपणे इटालियन होती. ‘इल तोर्नेओ’ १८३८ मध्ये लंडनमध्ये रंगमंचावर आली, पण त्याच्या संगीतिका व्यावसायिक नाट्यगृहांत रुजल्या नाहीत आणि आज त्या ऐकायला मिळत नाहीत. त्याच्या संगीताला हौशी म्हणताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : इंग्लंडमध्ये तेव्हा पैशासाठी संगीत करणे उमरावाला कमीपणाचे समजले जाई, त्यामुळे कितीही शिक्षण घेतले तरी त्याच्यासारख्याला हौशीच राहणे भाग होते. त्याने घेतलेले शिक्षण सरदारी छंदापुरते खासच नव्हते.

ॲपथॉर्प हॉल येथे त्याचे निधन झाले. तोपर्यंत अकॅडमीचे अध्यक्षपद त्याच्याकडेच होते. त्यानंतरच्या दशकात संस्था पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात आली, तेव्हा प्राचार्य झालेल्या स्टर्नडेल बेनेटने तिला तारले. १९११ मध्ये ती मॅरिलबोन रोडवरील सध्याच्या इमारतीत गेली. वेस्टमोर्लंडची पदवी मुलगा फ्रान्सिस याच्याकडे गेली. धाकटा मुलगा ज्युलियन हा कवी व मुत्सद्दी होता. ज्युलियनचा जिवलग मित्र रॉबर्ट लिटन याने १८७१ मध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय म्हणून १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध लादणारा लॉर्ड लिटन तो हाच. वेस्टमोर्लंडची पत्नी प्रिसिला १८७९ पर्यंत हयात होती. १८१३-१४ च्या मोहिमेत नवऱ्याच्या मागोमाग सैन्याबरोबर प्रवास करताना तिने घरी लिहिलेली पत्रे १८९३ मध्ये मुलीने प्रसिद्ध केली.