सीटी म्हणजे हलक्या प्रतीचा एमआरआय नव्हे

वॉर्डात राउंड चालू असताना हे वाक्य हमखास कानावर येतं: "डॉक्टर, पैशाचं बघू नका, डायरेक्ट एमआरआयच काढा." हिशेब असा, की सीटी स्वस्त म्हणजे दुय्यम, एमआरआय महाग म्हणजे पक्का.

सीटीत एक्स-रे असतात, एमआरआयत चुंबक आणि रेडिओलहरी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही "एमआरआयच्या रेडिएशन"ची भीती लोक बाळगतातच. त्यात ते नसतंच. डोक्याच्या सीटीत असतं, साधारण २ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या डोसचं माप). पोटाच्या सीटीत त्याहून बरंच जास्त. म्हणून "एकदा बघून घेऊ" म्हणत रोज सीटी लिहिणारे माझ्या डोक्यात जातात.

खरा घोळ होतो तो लकव्याच्या रुग्णात. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, की आधी साधा सीटीच काढतात. तासाभराने रिपोर्ट हातात पडतो, "नॉर्मल", आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तसं नसतं. गुठळीने रक्तपुरवठा तुटलेला मेंदूचा भाग पहिल्या काही तासांत सीटीवर बहुधा दिसतच नाही. मग सीटी कशाला? कारण त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो: डोक्यात रक्तस्राव आहे का? ताजं रक्त सीटीवर पांढरंशुभ्र उठून दिसतं, आणि तपासणी काही मिनिटांत उरकते. रक्तस्राव नसेल तरच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, तेही साधारण साडेचार तासांच्या आत. हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजायचे. झोपेतच लकवा आला असेल, तर झोपायला गेला तेव्हापासून. म्हणजे इथे "नॉर्मल" सीटी ही उपचाराला मिळालेली परवानगी असते, घरी जायची नव्हे. एमआरआयत तोच लकवा लवकर दिसतो, पण तपासणीला वीस-तीस मिनिटं सहज जातात, त्याआधी अंगावरचं-अंगातलं धातू तपासावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मेंदूचं नुकसान वाढत जातं.

मणक्यातला मज्जारज्जू, गुडघ्याचं लिगामेंट यासाठी एमआरआयच हवा. मुतखडा, फुफ्फुस, कवटीचं फ्रॅक्चर यासाठी सीटी. यात वाद नाही.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा एमआरआय तर उठसूट करायची गोष्टच नव्हे. चुंबक कायम चालू असतं, तपासणी संपली तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढलं, आणि त्यात त्याचा जीव गेला. त्या खोलीत व्हेंटिलेटर, पंप, ट्रॉली सगळंच चुंबकाजवळ सुरक्षित असलेलं लागतं.

डॉक्टरांनाही एक सांगणं: फॉर्मवर नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहू नका, काय शोधायचंय ते लिहा. आणि रुग्ण दुसऱ्या हॉस्पिटलात हलवताना आधीच्या स्कॅनची सीडी सोबत द्या. फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो चालत नाही. मग तोच सीटी पुन्हा काढावा लागतो.