यकृत बिघडतं, धाप मात्र उभं राहिल्यावर लागते

धाप लागलेल्या माणसाला आपण काय करतो? पाठीशी उशा लावून बसतं करतो. दमा असो की थकलेलं हृदय, बसल्यावर बरं वाटतं हा सगळ्यांचाच अनुभव. पण यकृताच्या जुनाट आजाराच्या काही रुग्णांमध्ये बरोबर उलटं घडतं. आडवं असताना श्वास ठीक चालतो, उठून उभं राहिलं की ऑक्सिमीटरवरचा आकडा घसरतो आणि धाप लागते. पुन्हा आडवं झालं की जिवाला आराम. घरचे म्हणतात, आजारपणाचा अशक्तपणा आहे. पोटात पाणी झालं असेल तर सगळा दोष त्या पाण्याच्या माथी जातो. छातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा नाव घेण्यासारखं काही दिसत नाही, त्यामुळे तपास तिथेच थांबतो.

या आजाराचं नाव हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम. सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होत जाणं), निळसर पडलेली त्वचा आणि फुगलेली बोटांची टोकं एकत्र असलेल्या एका स्त्रीची नोंद १८८४ साली फ्लुकिगर यांनी केली होती; आजाराला आजचं नाव मिळायला १९७७ साल उजाडलं. दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा असा तो नाही. यकृत प्रत्यारोपणासाठी तपासल्या जाणाऱ्या रुग्णांत वेगवेगळ्या पाहण्यांनुसार ५ ते ३० टक्क्यांच्या आसपास लोकांत तो सापडतो.

यकृताचा फुप्फुसाशी संबंध काय, हे शाळेतल्या रक्ताभिसरणाच्या आकृतीतच दडलेलं आहे. आतड्यांतून आलेलं रक्त यकृतातून जातं, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून थेट फुप्फुसात. म्हणजे यकृताने रक्तात जे सोडलं किंवा जे गाळायचं राहून गेलं, ते सगळ्यात आधी फुप्फुसातल्या केशवाहिन्यांना भेटतं.

आता त्या केशवाहिन्यांकडे जवळून पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. निरोगी फुप्फुसात त्यांची रुंदी साधारण ८ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि लाल पेशीचा व्यास ७-८ मायक्रॉन. पेशींना जवळजवळ एकामागून एक, भिंतीला अंग घासतच जावं लागतं. भिंतीपलीकडे लगेच वायुकोशातली हवा. विश्रांतीच्या वेळी पेशी तिथून पाऊण सेकंदात पार होते, आणि ऑक्सिजन भरून घ्यायला त्यातला एक तृतीयांश वेळही पुरतो. अशी चोख व्यवस्था आहे ही!

हेपॅटोपल्मनरी सिंड्रोममध्ये या नळ्या फुगतात. १०० मायक्रॉनपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. आता पेशींचा लोंढा शिरतो. कडेच्या पेशींना ऑक्सिजन मिळतो, मधल्या पेशींपर्यंत तो पोचेपर्यंत त्या पुढे निघून गेलेल्या असतात. त्यात सिरॉसिसमध्ये हृदय एरवीपेक्षा जास्त रक्त ढकलत असतं. अंतर वाढलं आणि वेळही घटला. फुप्फुसात हवा भरपूर, रक्तही भरपूर, तरी दोघांची गाठ पडत नाही.

आडवं-उभं याचं कोडंही इथेच सुटतं. फुगलेल्या नळ्या मुख्यतः फुप्फुसाच्या तळाकडे असतात. उभं राहिलं की रक्त गुरुत्वाकर्षणाने तिकडेच जास्त जातं. आणि शुद्ध ऑक्सिजन दिला तर बऱ्याच रुग्णांत आकडा चांगला वर येतो, कारण वायुकोशातला ऑक्सिजनचा दाब वाढला की तो लोंढ्याच्या मध्यापर्यंत पोचतो. हृदयाच्या पडद्याला छिद्र असल्यामुळे रक्त फुप्फुसाला चुकवून जात असेल, तर ऑक्सिजनचा इतका उपयोग होत नाही.

नळ्या फुगवतो कोण? मुख्य संशयित नायट्रिक ऑक्साइड. रक्तवाहिन्या सैल करणारा हाच तो वायू, ज्याच्या कामगिरीच्या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. या रुग्णांच्या उच्छ्वासात तो वाढलेला सापडतो. उंदरांवरच्या प्रयोगांत साखळी अशी दिसली: बिघडलेल्या यकृतातल्या पित्तनलिकांच्या पेशी एंडोथेलिन-१ नावाचं रसायन सोडतात. एरवी ते रक्तवाहिन्या आवळतं. पण फुप्फुसातल्या वाहिन्यांच्या अस्तरावर त्याला पकडणारे 'बी' प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) वाढलेले असतात, आणि त्या ग्राहकांना चिकटलं की अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. शिवाय आतड्यांतले जिवाणू यकृताच्या चाळणीतून निसटतात, त्यांच्यामागे पांढऱ्या पेशी फुप्फुसातल्या वाहिन्यांत गोळा होतात आणि त्याही हाच वायू तयार करतात.

मला याहून जास्त भुरळ घालतो तो लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेतून मिळालेला पुरावा. हृदयाचा एकच कप्पा धड असलेल्या काही बाळांमध्ये शरीराच्या वरच्या भागातलं रक्त आणणारी महाशीर थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडतात. यकृताकडून येणारं रक्त मग आधी फुप्फुसात जात नाही. या मुलांचं यकृत ठणठणीत असतं, तरी त्यांपैकी काहींच्या फुप्फुसातल्या वाहिन्या अशाच फुगतात! पुढच्या शस्त्रक्रियेत यकृताचं रक्त फुप्फुसाकडे वळवलं की बऱ्याच जणांत त्या पूर्ववत होऊ लागतात. म्हणजे बिघडलेलं यकृत नको ते सोडतं, एवढंच खरं नाही. निरोगी यकृत फुप्फुसाला हवं असलेलं काहीतरी रोज पाठवत असतं. यकृतात तयार होणारं बीएमपी-९ हे प्रथिन त्यासाठीचं जोरदार उमेदवार आहे. हेपॅटोपल्मनरी सिंड्रोमच्या रुग्णांत त्याची पातळी घटलेली आढळते.

म्हणूनच 'यकृत साफ करणाऱ्या' काढ्यांच्या आणि डिटॉक्स चूर्णांच्या जाहिराती पाहिल्या की संताप येतो. यकृत म्हणजे धुऊन काढायची गाळणी नव्हे. आणि यातली काही चूर्णं यकृतालाच इजा करतात, हे डॉक्टरांनी वारंवार नोंदवलं आहे.

निदानाची तपासणी फार सुंदर आहे. दोन सिरिंजांमधून सलाइन जोरजोरात इकडून तिकडे खेळवतात, त्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते हाताच्या शिरेतून सोडतात. इकोच्या पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जाते. डावी काळीच राहायला हवी, कारण बुडबुडे निरोगी केशवाहिन्यांतून मावत नाहीत. इथे मात्र तीन-चार ठोके जातात आणि डावीकडेही ठिपके चमकायला लागतात. हृदयातच छिद्र असेल तर ते पहिल्या तीन ठोक्यांच्या आत येतात. ऑक्सिमीटर सौम्य आजार पकडत नाही. त्यासाठी धमनीतल्या रक्ताची तपासणी लागते.

याच यकृतविकारात काही थोड्या रुग्णांच्या फुप्फुसातल्या धमन्या उलट जाड आणि अरुंद होतात. त्याला पोर्टोपल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. तिथे रक्तदाब फुप्फुसात चढतो, हृदयाची उजवी बाजू दमते, आणि दाब फार वाढला असेल तर प्रत्यारोपणही धोक्याचं ठरतं. एकाच कारणातून कुणाच्या वाहिन्या फुगतात आणि कुणाच्या आवळतात, हा विषय स्वतंत्र लेखाचा.

हेपॅटोपल्मनरी सिंड्रोमवर खात्रीचं औषध अजून नाही. ऑक्सिजनचा आधार देतात, पण बरं करतं ते यकृत प्रत्यारोपणच. फुप्फुसाला हातही न लावता फुप्फुस सुधारतं. नवं यकृत बसल्यावर आकडा लगेच वर येतोच असं नाही, काही जणांना घरी कित्येक महिने ऑक्सिजन लावावा लागतो. बहुतेकांत सहा महिने ते वर्षभरात नळ्या आकसत जातात, आणि पुन्हा बुडबुडे सोडून पाहिलं तर ते उजव्या बाजूलाच अडलेले दिसतात.